ईस्ट न्यूकची सहल : ओहोटी आधी बघा, बाकी सगळं नंतर

सकाळी एडिनबराहून निघायचं, दुपारी अ‍ॅन्स्ट्रदरच्या बोटीने पफिन पक्षी बघायचे, चारच्या सुमारास ईलीच्या खडकात ठोकलेल्या साखळ्या धरून कडा पार करायचा आणि संध्याकाळी सेंट अँड्र्यूज. असा एका दिवसाचा बेत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला पाठवून "जमेल ना?" असं विचारतं. जमत नाही. बोट सकाळीच गेलेली असते, साखळ्या पाण्याखाली असतात आणि सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्याचं दार बंद झालेलं असतं. स्कॉटलंडच्या पूर्वेला फाइफचा हा किनारी कोपरा आहे. इथल्या बोलीत न्यूक म्हणजे कोपराच. ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अ‍ॅन्स्ट्रदर आणि क्रेल ही पाच मासेमारीची गावं इथे पाठोपाठ लागतात. अंतरं छोटी असल्यामुळे माणूस फसतो. इथला दिवस समुद्राच्या घड्याळावर चालतो. ते घड्याळ आधी लावून घेतलं की तीन दिवसांत सगळं आरामात बघून होतं. मी डंडीला राहते. गेली काही वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ज्या क्रमाने तयारी करायला लावते, तोच क्रम खाली दिला आहे.

१. महिना ठरवा, तोही पक्ष्यांना विचारून

अ‍ॅन्स्ट्रदरची बोट जाते त्या आयल ऑफ मे या बेटावर जायचं असेल तर एप्रिल ते सप्टेंबर एवढेच महिने हाताशी आहेत. पफिन साधारण एप्रिलमध्ये बेटावर येतात. जुलै संपता संपता, फार तर ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत ते समुद्रात निघून जातात. "ऑगस्टच्या सुट्टीत पफिन बघू" ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक. बोट तेव्हाही जाते, बेटही सुंदर असतं, पण पफिन नसतात. माझं मत विचाराल तर मेचा शेवट ते जुलैचा मध्य हा काळ धरा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो.

दोन अडचणींच्या तारखा लक्षात ठेवा. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे पदवीदान समारंभ जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला असतात. तेव्हा गावात खोली मिळणं कठीण आणि मिळालीच तर महाग. ऑगस्टच्या सुरुवातीला पिटनवीममध्ये कला महोत्सव भरतो, त्या दिवसांत तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

२. भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवा आणि घड्याळ जुळवा

हे काम खोली आणि तिकिटाच्या आधी करायचं. ज्या आठवड्यात जाणार त्याचं अ‍ॅन्स्ट्रदरचं कोष्टक काढा. ते मिळालं नाही तर लीथ बंदराचं चालेल, वेळा थोड्याशाच मागेपुढे असतात. प्रत्येक दिवसाची ओहोटीची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

ज्यांनी अलिबागला ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन परत यायची घाई केली आहे, त्यांना हा खेळ नवा नाही. पण कोकणातला एक हिशेब इथे लावू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित आपल्या किनाऱ्याचं आहे. प्रत्येक बंदराला चंद्रामागून भरती यायला लागणारा वेळ वेगळा. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत बाराच्या आगेमागे भरती येते. अ‍ॅन्स्ट्रदरला ती उन्हाळी घड्याळाप्रमाणे दुपारी तीन-चारच्या सुमारास येते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत इथली मोठी ओहोटी सकाळी मिळते. आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या आसपास, ओहोटी दुपारी येते खरी, पण पाणी फारसं मागे जात नाही. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेवढं मात्र आपल्यासारखंच.

सावधान. अनेक कोष्टकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथलं घड्याळ एक तास पुढे असतं. कोष्टकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा आणि लागेल तिथे एक तास मिळवा.

ही चूक मी स्वतः केली आहे. आई-बाबा आले होते. ईलीहून सेंट मोनन्सकडे किनाऱ्याने चालत होतो. कोष्टकात भरती २:१० ला होती. आम्ही चार वाजता जुन्या चर्चखाली पोचणार, म्हणजे पाणी जवळजवळ दोन तास ओसरलेलं असणार असं मी धरलं. प्रत्यक्षात भरती ३:१० ला होती. चर्चच्या भिंतीखालच्या फरशांवर लाट येत होती, मागे जात होती, आणि मधल्या हिरव्या शेवाळावर बाबांचा पाय सरकला. ते पडले नाहीत, आईने दंड धरला. पण भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या दोघांचे चेहरे मला अजून दिसतात. भरतीच्या वेळी वापरायची वरची वाट थोडं आधीच फुटते आणि तिथे तशी पाटीही आहे. मी पाटी वाचली होती, आणि मला वाटलं होतं की आपल्याला तिची गरज नाही.

तपासून घ्या : कागदावरची प्रत्येक वेळ इथल्या घड्याळाची आहे ना? शंका असेल तर त्या दिवशी बंदरावर कुणालाही विचारा. या गावांत तो प्रश्न विचित्र वाटत नाही.

३. आधी बोट, मग खोली

अ‍ॅन्स्ट्रदरच्या बंदरात ओहोटीला पाणी फार कमी उरतं. त्यामुळे बेटाच्या बोटींच्या वेळा रोज बदलतात. आज सकाळी साडेनऊ, तर चार दिवसांनी दुपारी एक, असंही होतं. म्हणून आधी बोटीची वेळ बघून जागा राखायची आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवायचे. जून-जुलैच्या शनिवार-रविवारच्या जागा बरेच आठवडे आधी संपतात.

बोटीचा दिवस मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. वारा वाढला की फेरी रद्द होते. शेवटच्या दिवशी ठेवली असेल तर दुसरी संधी उरत नाही. राखताना एक प्रश्न नक्की विचारा : ही फेरी बेटावर उतरवते की नुसती बेटाला वळसा घालून परत येते? दोन्ही प्रकारच्या फेऱ्या असतात, आणि फरक न बघता पैसे भरणारे खूप आहेत.

४. मुक्काम आणि गाडी-बस

एडिनबराहून रोज ये-जा करू नका. दोन रात्री तरी इथे काढा. सगळे सेंट अँड्र्यूजला राहतात. मी अ‍ॅन्स्ट्रदर किंवा क्रेल सुचवते. बोट आणि किनारवाट दोन्ही दारात येतात.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं स्टेशन लूकर्स, सुमारे ८ किलोमीटरवर. तिथून ९९ क्रमांकाची बस गावात नेते. ईस्ट न्यूककडे थेट जायचं असेल तर लीव्हन स्टेशन सोयीचं आहे. हा फाटा जून २०२४ मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाला, त्यामुळे जुन्या माहितीत तो सापडत नाही. लीव्हनहून ९५ क्रमांकाची बस पाचही गावांतून सेंट अँड्र्यूजला जाते. संध्याकाळी आणि रविवारी बस कमी असतात. शेवटच्या बसची वेळ ओहोटीच्या कागदावरच लिहून ठेवा.

गाडी आणणाऱ्यांनो, गाडी बंदरापर्यंत नेऊ नका. क्रेल आणि पिटनवीमचे बंदराकडे उतरणारे रस्ते एका गाडीपुरते अरुंद आहेत. वर गावात लावा आणि चालत उतरा.

५. पिशवीत काय

पावसाचा जाकीट वारा अडवणारा हवा. छत्री घरी ठेवा, इथल्या वाऱ्यात ती पहिल्या तासात उलटते. बुटांचा तळवा खडबडीत असावा. नवे पांढरे स्नीकर शेवाळावर साबणासारखे घसरतात. जुलैतही एक स्वेटर, कानटोपी आणि बेटासाठी कडक टोपी घ्या. टोपी का, ते पुढे येतं. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ३७१ हा नकाशा हा सगळा भाग दाखवतो. फोनचा सिग्नल कड्यांखाली जातो, तेव्हा कागद कामाला येतो.

खाण्याबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मासे आणि चिप्सच्या अनेक दुकानांत तळणीला बीफ ड्रिपिंग, म्हणजे गाईबैलांची चरबी, वापरतात. चिप्सही त्यातच तळलेले असतात. शाकाहारी माणूस "नुसते चिप्स" म्हणून निर्धास्त घेतो आणि नंतर कळल्यावर फार वाईट वाटून घेतो. मागवण्याआधी "कशात तळता?" हे विचारा. लोक सरळ उत्तर देतात. घरून दशम्या आणि चटणी नेली तर प्रश्नच मिटतो, शिवाय किनारवाटेवर बसून खायला तेच बरं.

६. पाच गावं, ईलीकडून क्रेलकडे

फाइफची किनारवाट एकूण सुमारे १८७ किलोमीटर आहे. त्यातला हा १५-१६ किलोमीटरचा तुकडा आपल्यासाठी. सकाळी बसने ईलीला जा आणि मुक्कामाच्या दिशेने चालत या. अशाने शेवटच्या बसची धास्ती राहत नाही, आणि वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून असल्याने पाठीवर राहतो. उलट दिशेने चालणारे दुपारपर्यंत डोळे चोळत असतात.

ईली ते सेंट मोनन्स साधारण ४ किलोमीटर, वाटेत न्यूअर्क किल्ल्याचे अवशेष. भिंती कड्याच्या अगदी काठावर आहेत आणि दगड सुटे झालेत. बाहेरून बघा, आत शिरू नका. सेंट मोनन्स ते पिटनवीम आणि पिटनवीम ते अ‍ॅन्स्ट्रदर अडीच-अडीच किलोमीटर. इथे वाट सोपी आहे, आजी-आजोबाही चालतील. थकलेल्यांना अ‍ॅन्स्ट्रदरला मत्स्योद्योग संग्रहालयात सोडा. अ‍ॅन्स्ट्रदर ते क्रेल साडेसहा किलोमीटर, वाट खडबडीत, मधे केप्लीच्या लालसर वालुकाश्मातल्या गुहा. मला हा सगळ्यात आवडता टप्पा. तासभर जास्त ठेवा.

वाटेवरचे नियम थोडक्यात. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक सगळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालायचा हक्क सर्वांना आहे, पाहुण्यांनाही. जबाबदारीने म्हणजे फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, पिकातून न जाता कडेने जायचं. वासरांसोबत गाई असतील तर लांबून वळसा घ्यायचा. आपल्याला गाय म्हटली की हात लावून नमस्कार करायची सवय असते. इथे तो मोह आवरा, वासरामुळे बिथरलेली गाय माणसाला तुडवते. वाट काही ठिकाणी गोल्फच्या मैदानाला लागून जाते. खेळाडू फटका मारेपर्यंत थांबा, हिरवळीच्या गुळगुळीत चकतीवर पाय ठेवू नका. "फोर" अशी आरोळी आली तर वर बघू नका, डोकं झाकून खाली बसा.

तपासून घ्या : सेंट मोनन्सच्या चर्चखाली तुम्ही किती वाजता पोचणार? भरतीच्या दोन तास आधी ते दोन तास नंतर यात ती वेळ येत असेल, तर वरच्या वाटेने जा.

७. ईलीच्या साखळ्या : जायचं की नाही

ईलीच्या पश्चिमेला, अर्ल्सफेरीपलीकडे, किनक्रेगच्या कड्याखाली सुमारे अर्धा किलोमीटर खडकात साखळ्या ठोकल्या आहेत. काही आडव्या धरून सरकायच्या, काही सरळ वर चढायच्या. खडकात पावलापुरत्या खाचा कोरलेल्या आहेत. साखळीची कडी बोटाएवढी जाड, ओली आणि थंड. पहिल्या साखळीला हात लावताच कळतं की वजन पायांवर ठेवायचं आहे. जे हातांनी लोंबकळतात ते तिसऱ्या साखळीपर्यंत दमतात.

फक्त ओसरत्या पाण्यात शिरा. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी सुरुवात करा आणि ओहोटीच्या वेळेपर्यंत दुसऱ्या टोकाला बाहेर पडा. "ओहोटीला पोचू" हा बेत चुकीचा, कारण तेव्हा पाणी वळतं आणि तुम्ही अजून मधेच असता. उधाणाला इथे पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. तासाभरात वाट नाहीशी होते. परत येताना साखळ्यांनी येऊ नका, कड्यावरून वाट आहे आणि तिथून दिसणारं दृश्य खालच्यापेक्षा मोठं आहे.

लाटा उंच असतील, पाऊस पडून गेला असेल, किंवा तुम्ही एकटे असाल तर जाऊ नका, कोष्टक काहीही म्हणो. लहान मुलं, गुडघ्याचा त्रास असलेले, उंचीची भीती असलेले यांनी वरच्या वाटेनेच जावं. अडकलात तर पाण्यात उतरू नका. जितकं वर चढता येईल तितकं चढा, ९९९ फिरवा आणि "कोस्टगार्ड" मागा.

८. आयल ऑफ मे

बोट सुटायच्या अर्धा तास आधी बंदरावर या. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. बेटावर दुकान नाही. पाणी आणि खाणं बरोबर, कचराही बरोबर परत.

उतरल्यावर पहिल्या काही पावलांतच आर्क्टिक सुरय पक्षी डोक्यावर झेपावतात. मे ते जुलै त्यांची घरटी वाटेच्या अगदी कडेला असतात. चोच टोकदार असते, रक्त निघतं. म्हणून टोपी. हात किंवा काठी डोक्याच्या वर सरळ धरा, पक्षी सर्वांत उंच भागावर चोच मारतो. हात हलवू नका, पळू नका, थांबून फोटोही काढू नका. चालत राहा, दोन मिनिटांत त्यांची हद्द संपते.

मग दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट : वाट सोडू नका. पफिन जमिनीत बीळ करून अंडं घालतात. ज्याला तुम्ही गवताचा उंचवटा समजता तो पोकळ असतो, आणि एका पावलाने आतलं पिल्लू गाडलं जातं. बसायला फक्त ठरलेल्या जागा. एका जागी शांत बसलात तर चोचीत चंदेरी मासे ओळीने धरलेला पफिन चार हातांवर येऊन उतरतो, मान तिरकी करतो आणि बिळात शिरतो. जो त्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावतो त्याला फक्त पाठ दिसते. वाटेवर एखादा पक्षी थांबला असेल आणि चोचीत मासे असतील, तर बाजूला व्हा. बहुतेक वेळा तुम्हीच त्याच्या बिळाच्या दारात उभे असता. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका.

तपासून घ्या : परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच घड्याळात लावा. पाण्याच्या हिशेबामुळे बोट थांबू शकत नाही.

९. सेंट अँड्र्यूज, एक अख्खा दिवस

आधी तिकिटांचा गोंधळ सोडवू. सेंट अँड्र्यूजचा किल्ला हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे आहे. पिटनवीमजवळचा केली किल्ला आणि फॉकलंडचा राजवाडा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळे पास. एकाचा पास घेऊन दुसऱ्याच्या दारात हुज्जत घालणारे पाहुणे मी पाहिलेत. कुठल्या संस्थेच्या किती जागा बघणार ते मोजा, मगच पास घ्या. एकदोनच असतील तर सुटी तिकिटं परवडतात.

सकाळी दार उघडताच किल्ल्यात जा आणि सरळ भुयाराकडे वळा. १५४६-४७ च्या वेढ्यात बाहेरच्यांनी किल्ल्याखाली सुरुंग खणला, आतल्यांनी आवाजाच्या मागावर उलट भुयार खणून तो गाठला. दोन्ही आजही आहेत, आत जाता येतं. आतल्यांचं भुयार घाईचं : कमरेत वाकून, एका हाताने ओल्या खडकाचा आधार घेत उतरावं लागतं, आणि मग एका भोकातून खाली बाहेरच्यांच्या प्रशस्त भुयारात. गर्दी वाढली की समोरून येणाऱ्याला वाट देणं अशक्य होतं, म्हणून सकाळ. पाठीवरची पिशवी वर कुणाकडे तरी ठेवा. गुडघे, कंबर किंवा बंद जागेची भीती असेल तर वरूनच बघा.

तिथून कॅथेड्रलचे अवशेष चालत पाच मिनिटांवर. मग गाव, मग वेस्ट सँड्सची पुळण. ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर चालायचं असेल तर रविवारी या. सहसा रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि कुणालाही फिरता येतं.

१०. हार आला तर

पूर्वेचा वारा असला की उत्तर समुद्रावरून दाट धुकं किनाऱ्यावर चढतं. इथले लोक त्याला हार म्हणतात. सकाळी ऊन असतं, अकराला समोरचं बंदर दिसत नाही. एप्रिल ते सप्टेंबर केव्हाही. अशा दिवशी साखळ्या आणि कड्याकाठची वाट रद्द करा. बोट जाईल की नाही हे फोन करून विचारा, स्वतः ठरवू नका.

हार किनाऱ्याला चिकटून राहतो, म्हणून गाडी किंवा बस धरून आतल्या भागात जा. फॉकलंडला अनेकदा लख्ख ऊन असतं. तिथल्या राजवाड्यात १५३९ साली बांधलेलं टेनिसचं मैदान आहे. अजून उत्साह असेल तर लोमंड टेकड्या मागेच उभ्या आहेत. त्यातली वेस्ट लोमंड ५२२ मीटर, क्रेगमीडच्या वाहनतळावरून रमतगमत जाऊन येता येतं. गवतातून आल्यावर पायांना गोचीड चिकटलेत का ते त्याच संध्याकाळी बघा आणि दिसला तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा. वरून पूर्वेला पाहिलंत तर किनाऱ्यावर पांढरा पट्टा दिसेल. तो विरायला लागला की अ‍ॅन्स्ट्रदरला फोन लावा. दुपारच्या फेरीत कधी कधी रद्द झालेल्यांच्या जागा मिळतात.